हौशी ऑर्केस्ट्राबरोबर वर्षानुवर्षं काम करायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारा तीसेक जणांचा एक हौशी ऑर्केस्ट्रा आहे. वादकांत डॉक्टर आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, कॉलेजची मुलं आणि काही निवृत्त मंडळी आहेत. तालीम आठवड्यातून एकदा. आधीचे तीन कंडक्टर वर्ष-दीड वर्षात सोडून गेले. आता ही जबाबदारी एका व्हायोलिनशिक्षकाकडे आली आहे. दहा-पंधरा वर्षं टिकायचं असेल तर काम कसं करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

व्यावसायिक संस्थेत आधी कार्यक्रम ठरतो आणि मग त्याला लागतील तेवढे वादक बोलावले जातात. हौशी ऑर्केस्ट्रात हा क्रम उलटा असतो. वादक आधीच ठरलेले असतात, त्यांना बेतून संगीत निवडायचं असतं. कंडक्टर टिकत नाहीत त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. स्वतःला वाजवून घ्यायची हौस असलेली सिम्फनी ते निवडतात, ती सहा महिने झेपत नाही, मग तालमीत आवाज चढतो आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात. म्हणून काठी हातात घेण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक वादकापुढे चार रकाने ठेवा: वाद्य, तारवाद्य असेल तर हात कुठल्या पोझिशनपर्यंत (म्हणजे तारेवर किती वरच्या जागेपर्यंत) जातो आणि फुंकवाद्य असेल तर वरचा कुठला सूर भरवशाने लागतो, न बघितलेला कागद समोर आला तर कितपत वाचता येतं, आणि वर्षातले कुठले महिने अडचणीचे आहेत. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांतली पाचवी ग्रेड झालेल्या व्हायोलिनवादकाला तिसरी पोझिशन येते असं धरायला हरकत नाही, पण ती परीक्षा पंधरा वर्षांपूर्वी दिली असेल तर दहा मिनिटं एकट्याचं ऐकून घ्या. हे ऐकणं दरवर्षी सगळ्यांचं व्हावं, लीडरचंसुद्धा, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाचंसुद्धा. कुणाला काढण्यासाठी हे नाही हे आधीच स्पष्ट सांगा आणि तसंच वागा.

आपल्याकडच्या शहरांत हा तक्ता साधारण सारखाच दिसतो. व्हायोलिन भरपूर, सेलो दोन-चार. फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन शोधले तर मिळतात, कारण चर्च, पोलीस बँड, लष्करी बँड यांतून माणसं तयार होत आली आहेत. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांनी कित्येक पिढ्यांना सॉल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं. त्यातले पुष्कळ जण मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले आणि शहरात सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभे राहिले तेही त्यांच्या बळावर. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, अँथनी गोन्साल्विसनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं तारवाद्य) आणि ओबो, बॅसून, हॉर्न ही फुंकवाद्यं यांची मात्र तेव्हाही चणचण होती आणि आजही आहे. ही चार वाद्यं नाहीत म्हणून थांबायचं नसतं. त्यांचे पार्ट, म्हणजे त्या त्या वाद्याने वाजवायचे कागद, दुसऱ्या वाद्यांसाठी लिहून काढायचे असतात, आणि हौशी कंडक्टरच्या कामाचा मोठा हिस्सा तोच असतो.

व्हायोलाचा पार्ट तिसऱ्या व्हायोलिनला देता येतो. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार ‘जी’ (G) या सुराची, व्हायोलाची ‘सी’ (C) या सुराची. त्यामुळे सी ते एफ-शार्पपर्यंतचे सूर एक सप्तक वर घ्यावे लागतात. पण एकटादुकटा सूर वर उचलला तर चाल मोडते, म्हणून अख्खं वाक्यच वर न्या. दोनच व्हायोला असतील तर तिसरी व्हायोलिन त्यांच्या शेजारी बसवा, पहिल्या व्हायोलिनमागे नको. काही फुंकवाद्यांत कागदावरचा सूर आणि प्रत्यक्ष वाजणारा सूर वेगळे असतात, म्हणून पार्ट वर किंवा खाली सरकवून लिहावा लागतो. ओबोचा पार्ट बी-फ्लॅट क्लॅरिनेटला एक पूर्ण स्वर वर लिहून द्या. हाच पार्ट फ्लूटला द्यायचा मोह होतो, पण फ्लूटचे खालचे सूर दुबळे असतात आणि तारवाद्यांखाली दबून जातात. एफमधल्या हॉर्नचा पार्ट बी-फ्लॅट क्लॅरिनेटला चौथ्या अंतराने खाली लिहायचा. बॅसूनसाठी बेस क्लॅरिनेट उत्तम. पोलीस बँडमधला युफोनियम (पितळी फुंकवाद्य) मिळाला तर तोही चालतो, फक्त वाजवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी एक पायरी हलक्या आवाजात वाजवायला सांगा. ए क्लॅरिनेटचा पार्ट बी-फ्लॅटवर वाजवायचा तर अर्धा स्वर खाली लिहावा लागतो आणि सगळ्यात खालचा सूर हातचा जातो. हायडनच्या १०४व्या सिम्फनीतला डीमधला ट्रम्पेट बी-फ्लॅट ट्रम्पेटवर वाजवायचा तर दोन पूर्ण स्वर वर. हे गणित तालमीत तोंडी करायला लावू नका. कागद तयार करून द्या.

मोफत मिळणारे जुने छापील पार्ट उतरवून घेताना एक खबरदारी घ्या. पुष्कळदा स्कोअर (सगळी वाद्यं एकत्र दाखवणारी कंडक्टरची प्रत) एका आवृत्तीचा आणि पार्ट दुसऱ्या आवृत्तीचे असतात. रिहर्सलची अक्षरं, म्हणजे जागा सांगण्यासाठी छापलेल्या ए, बी, सी अशा खुणा, जुळत नाहीत आणि पार्टवर बारचे (तालाच्या एकेका आवर्तनाचे) आकडेही नसतात. पहिल्या तालमीतली चाळीस मिनिटं मग ‘कुठून?’ या एका प्रश्नात जातात. प्रत्येक पार्टवर ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा आधी घाला. हे काम दोन माणसं एका रविवारी संपवतात. बोइंगही, म्हणजे कुठल्या सुरावर गज कुठल्या दिशेने ओढायचा तेही, पहिल्या तालमीआधीच ठरवायचं: लीडर पहिल्या व्हायोलिनचं लिहितो, त्यावरून दुसरी व्हायोलिन, मग व्हायोला आणि सेलो. पेन्सिल मऊ हवी, टूबी, म्हणजे खोडता येते. आणि छताच्या पंख्याखाली तालीम होते तिथे प्रत्येक स्टँडला कपड्यांचे दोन चिमटे लागतात, त्याला पर्याय नाही.

एकाच ऑर्केस्ट्रात तीन पातळ्यांचे वादक असतात तेव्हा त्यांना एकाच कागदावर का बसवायचं? इंग्रज संगीतकार वॉन विल्यम्स यांनी १९५० मध्ये इंग्लंडच्या ग्रामीण संगीतशाळांसाठी ‘कॉन्चेर्तो ग्रोसो’ लिहिलं. त्यात तारवाद्यांचे तीन गट आहेत. पहिला तयारीच्या वादकांचा. दुसरा तिसऱ्या पोझिशनपर्यंत वाजवू शकणाऱ्यांचा. तिसरा नवशिक्यांचा, आणि त्यात ज्यांना नुसत्या मोकळ्या तारांवरच वाजवायचं आहे त्यांच्यासाठीही पार्ट आहे. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे चारशे वादकांनी ते एड्रियन बोल्ट यांच्या हाताखाली वाजवलं. हा संगीतकार १९०५ ते १९५३ अशी जवळपास अर्धं शतक डॉर्किंगच्या लीथ हिल संगीत महोत्सवाचा कंडक्टर होता. तिथे आजूबाजूच्या गावांचे हौशी गायकवृंद दिवसा स्पर्धेत गात आणि संध्याकाळी सगळे मिळून मोठी रचना सादर करत. इतकी वर्षं हौशी मंडळींसमोर उभं राहिलेल्या माणसालाच मोकळ्या तारांचा पार्ट सुचतो. तुम्हीही असे पार्ट लिहा. सोळांशांच्या धावत्या जागेत मागच्या डेस्कला (एका स्टँडवरून वाजवणाऱ्या जोडीला) प्रत्येक ठोक्याचा पहिलाच सूर द्या. तो अचूक वाजला तर पुढच्या डेस्कचा आवाज भरदार लागतो. सोळाही सूर अर्धवट वाजले तर नुसता धूर होतो.

रचना निवडताना पानावर काळं किती आहे यावर जाऊ नका. मोत्झार्टची डी मेजरमधली डायव्हर्टिमेंटो, के. १३६, बघायला सोपी वाटते, पण पहिल्या व्हायोलिनला ती उघडं पाडते. एक सूर चुकला तरी सभागृहाला कळतं. वॉरलॉकची ‘कॅप्रिओल स्वीट’ किंवा होल्स्टची ‘सेंट पॉल्स स्वीट’ भरल्यासारखी ऐकू येते आणि हाताला बसते. होल्स्टनी ती मुलींच्या शाळेतल्या ऑर्केस्ट्रासाठीच लिहिली होती. शूबर्टच्या पाचव्या सिम्फनीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टिंपनी नाहीत. तुमच्याकडे नेमके तेच वादक असतील तर ती निवडणं म्हणजे चार जणांना तीन महिने घरी बसवणं. बिझेच्या ‘लार्लेझियेन’ स्वीटमध्ये अल्टो सॅक्सोफोनला खराखुरा पार्ट आहे. तो वादक गावात असेल तर त्याला एक वर्ष ओबोचा उसना पार्ट वाजवायला लावण्यापेक्षा हे बरं. वर्षाला एक रचना आजच्या तयारीपेक्षा अर्धी पायरी वरची असावी, बाकीच्या हाताखालच्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बेथोव्हनची पहिली सिम्फनी आवाक्यात येते. हा पाच वर्षांचा आराखडा वादकांना दाखवा. पुढच्या वर्षी काय येणार हे माहीत असलेला माणूस यंदाचा कंटाळा सोसतो.

आता तालीम. साठ-सत्तर मिनिटांच्या कार्यक्रमाला अडीच तासांच्या बारा तालमी पुरतात. पहिल्या तालमीत सगळं आरपार वाजवा, थांबू नका, कितीही विस्कटलं तरी. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत तुकड्यांवर काम. मध्ये एकदा तारवाद्यं आणि फुंकवाद्यं वेगवेगळ्या खोल्यांत. नवव्यापासून जोडकाम, शेवटची तालीम सभागृहात. प्रत्येक तालमीचं वेळापत्रक दोन दिवस आधी पाठवा: ७ ते ७.५० अमुक रचना, सगळे, ७.५० ते ८.३० तमुक, ट्रम्पेट आणि टिंपनी नाहीत; दहा मिनिटं चहा. ट्रम्पेटवाला हडपसरहून गर्दीतून येतो आणि दीड तास मांडीवर वाद्य ठेवून बसतो. हे तीनदा झालं की चौथ्यांदा तो येत नाही, आणि कारण विचारलं तर ऑफिसचं सांगतो.

थांबवताना सांगायचा क्रम पक्का ठेवा: कोण, कुठून, काय. ‘दुसरी व्हायोलिन, डी अक्षराच्या आधीचा चौथा बार, दुसरा सूर आखूड.’ आधी तक्रार आणि मग जागा सांगितली की अर्धे लोक आपली जागा शोधत राहतात आणि तक्रार कुणासाठी होती तेच निसटतं. एकदाच झालेली चूक सोडून द्या. तीच जागा दुसऱ्यांदा चुकली तरच थांबा. आणि थांबल्यावर वीस सेकंदांत पुन्हा वाजायला हवं. अवघड जागा शेवटाकडून बांधा: आधी शेवटचा बार, मग शेवटचे दोन, मग तीन. असं केलं की वादक अनोळखी जागेतून ओळखीच्या जागेकडे जातो आणि धीर सुटत नाही.

लय कुठे बिघडते तेही ठरलेलं आहे. आवाज चढायला लागला की हौशी ऑर्केस्ट्रा पळतो, हलक्या आवाजात वाजवायचं असलं की रेंगाळतो, लांब सूर पूर्ण होण्याआधी सोडतो. यावर ओरडून उपयोग नाही. चढत्या जागेत काठीची हालचाल लहान ठेवा. तुमचा हात जितका मोठा, तितका ऑर्केस्ट्रा मोठा आणि उशिरा वाजतो. मागची मंडळी उशिरा येतात त्याचं एक कारण निव्वळ अंतर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला जवळपास ३० मिलिसेकंद. मागचा वादक पुढच्याचं ऐकून वाजवायला गेला तर तेवढा उशीर झालाच. त्याला कानावर नाही, काठीवर आणि पुढच्या डेस्कच्या गजावर वाजवायला शिकवावं लागतं. म्हणून सगळे चांगले वादक पुढे बसवू नका. एक खंबीर जोडी शेवटच्या डेस्कवर हवीच. लीडर आणि पहिला डेस्क सोडून बाकीच्यांच्या जागा प्रत्येक कार्यक्रमाला बदलत्या ठेवा.

एक जागा जवळून पाहू. शूबर्टची ‘अनफिनिश्ड’ सिम्फनी हौशी मंडळी आवडीने मागतात, कारण त्यातली सेलोची चाल सगळ्यांना पाठ असते. खरा धोका सेलोत नाही. त्याखाली क्लॅरिनेट आणि व्हायोला उलट्या ठोक्यांवर वाजतात: तीनच्या तालात अर्धा, एक, एक, अर्धा. म्हणजे पहिला ठोका सोडला तर बाकी सगळे आघात दोन ठोक्यांच्या मध्ये. चार बार झाले की हे उलटे ठोके हळूहळू सरळ ठोक्यांवर सरकतात आणि सेलोंना कळत नाही की कुणाबरोबर जायचं. उपाय असा. सेलो गप्प. नुसतं डबल बासचं पिझिकाटो (बोटाने तार छेडणं) आणि व्हायोला-क्लॅरिनेट, लय निम्मी. वादकांनी पायाने ठोका द्यायचा नाही. मधला ठोका मनात म्हणायचा आणि त्यानंतर सूर लावायचा. व्हायोलांना गजाच्या मधल्या वीतभर भागातच वाजवायला सांगा. गज लांब ओढला की सूर उशिरा सुरू होतो. चार फेऱ्या झाल्यावर सेलो आत घ्या, पण आवाज पिआनिसिमो, म्हणजे अगदी हलका. त्या जागी तुमचा हात छातीपुढे, मनगटातून, एवढ्याशा जागेत. मोठा ठोका दिलात तर व्हायोला त्याच्यावर जाऊन आदळतील. असं पंधरा मिनिटांचं काम सलग तीन तालमींत केलं तर ही जागा कायमची बसते.

हिंदुस्तानी पद्धतीत तयार झालेले व्हायोलिनवादक तुमच्याकडे येतील, त्यांना परत पाठवू नका. सुरेलपणा त्यांच्याकडे आधीच असतो. अडचणी तीन येतात: वाचन सावकाश, दोन सुरांमधून नकळत येणारी मींड, आणि गज ठरल्या जागी बदलायची सवय नसणं. एक वर्ष दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, चांगल्या वाचणाऱ्याशेजारी, आतल्या बाजूला बसवा. रोज दोन ओळी नवं वाचन द्या. पाठांतरावर ते भराभर निभावून नेतात, म्हणूनच त्यांना पाठ करू देऊ नका.

सूर लावण्याबद्दल हवामानाचं थोडं बघावं लागतं. तालीम पंख्याखाली आणि कार्यक्रम एसी सभागृहात, ही आपल्याकडची नेहमीची गाठ. थंड हवेत आवाजाचा वेग उतरतो, दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास, म्हणून फुंकवाद्यांचा सूर खाली येतो. तारा मात्र थंडीने आकसून चढतात. दोन्ही बाजू उलट दिशांना जातात आणि पहिल्या रचनेत कानाला बोचतं. एसी तासभर आधी सुरू करून घ्या. फुंकवाल्यांनी रंगमंचावर येण्याआधी दहा मिनिटं वाद्यात फुंकर घालत राहावं. एकदा पडद्यामागे आणि एकदा रंगमंचावर, असा दोनदा सूर लावा. ओबो असेल तर त्याच्याकडून ‘ए’ हा सूर घ्या, नसेल तर ४४० हर्ट्झवर लावलेल्या ट्यूनरवरून, क्लॅरिनेटकडून घाईने नको. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या एसीत सैल पडून घसरतात. खुंटीला लावायचं मलम लीडरच्या पेटीत असू द्या. गजाचे केस दमट हवेत लांबतात, तालीम संपली की गज सैल करायची आठवण नवशिक्यांना दरवेळी करून द्या.

माणसांच्या बाबतीत नियम थोडे असावेत, पण लेखी असावेत. शेवटच्या तीन तालमींपैकी दोन आणि सभागृहातली तालीम चुकली तर त्या कार्यक्रमात वाजवायचं नाही, मग तो लीडर असो की अध्यक्षांचा मुलगा. हा नियम एकदा जरी वाकवला तरी तो संपतो. डिसेंबरात चर्चची गाणी आणि लग्नसराई, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. हे महिने मोकळे सोडून सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीत कार्यक्रम ठेवले तर उपस्थितीची निम्मी भांडणं होतच नाहीत. पैशांचा व्यवहार कंडक्टरने हातात घेऊ नये. तो समितीकडे, आणि कंडक्टरचं मानधन थोडं असलं तरी ठरलेलं आणि वेळेवर.

सगळ्यात कठीण काम म्हणजे वयोमानाने हात मंदावलेल्या वादकाशी बोलणं. पंधरा वर्षं एकत्र काढल्यावर ते टाळलं जातं आणि शेवटी तालमीत सगळ्यांदेखत कुणीतरी बोलून जातं. तसं होऊ देऊ नका. तालमीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी घरी जा किंवा फोन करा, आणि सोबत काहीतरी ठोस घेऊन जा: सोपा केलेला पार्ट, दुसऱ्या व्हायोलिनमधली खुर्ची, पार्टच्या ग्रंथालयाची जबाबदारी. नुसती ‘आता पुरे’ ही सूचना घेऊन जायचं नाही. ज्यांनी हा ऑर्केस्ट्रा वाईट दिवसांत जिवंत ठेवला त्यांचा तेवढा हक्क आहे.

किती वर्षं राहायचं? मेहली मेहतांनी लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली अमेरिकन यूथ सिम्फनी काढला आणि १९९८ पर्यंत, नव्वदीला टेकेस्तोवर, त्यांनीच तो चालवला. पण तरुणांच्या ऑर्केस्ट्रात दर काही वर्षांनी वादक बदलतात आणि कंडक्टर तोच राहिला तरी संगीत ताजं राहतं. हौशी ऑर्केस्ट्रात वादकही तेच राहतात, त्यामुळे दोघांनाही एकमेकांच्या सवयी लागतात. तुमचा ठोका अस्पष्ट झाला तरी ते सावरून घेतात आणि तुम्हाला ते कळतच नाही. त्यासाठी दोन सोयी करून ठेवा. वर्षातला एक कार्यक्रम पाहुण्या कंडक्टरकडे द्या आणि त्याच्या तालमीत मागच्या खुर्चीवर बसून ऐका. नेमणूक तीन-तीन वर्षांची असावी आणि दर तीन वर्षांनी वादकांनी बंद पाकिटातून मत द्यावं.

पहिल्या वर्षापासून ऑर्केस्ट्रातल्याच एखाद्या तरुणाला हाताशी धरा. आधी सूर लावून घेणं, मग वेगळ्या खोलीतली तालीम, मग कार्यक्रमातली एक छोटी रचना पूर्णपणे त्याची. तिच्या तालमीत तुम्ही मध्ये बोलायचं नाही. सोडायचं ठरलं की दोन हंगाम आधी समितीला सांगा. मागे ठेवायच्या वस्तू अशा: बोइंग लिहिलेले सगळे पार्ट, बदललेल्या वाद्यांसाठी लिहून काढलेले कागद, आजवर वाजवलेल्या रचनांची यादी आणि त्यातल्या न जमलेल्या जागांच्या नोंदी, वादकांचा तो तक्ता. स्वतःच्या खुणा असलेला स्कोअर मात्र घरी न्या, नव्या माणसाने कोऱ्या पानावरून वाचायला हवं. पहिलं वर्षभर त्याच्या तालमींना जाऊ नका, आणि जुन्या वादकांचे तक्रारीचे फोन आले तर त्यांना त्याच्याशीच बोलायला सांगा.